भीतीचा रकाना

नरडाण्याच्या स्टेशनवर उतरले आणि दगडूभाऊ दिसले नाहीत, तिथेच मला काहीतरी बिनसल्याचं कळलं. मला घ्यायला यायचे तेव्हा ते गाडीच्या कितीतरी आधी येऊन फलाटावर उभे असायचे. "भाऊ, आपल्याकडे गाडी कधी वेळेआधी आली आहे का?" असं मी दर वेळी चिडवायचे, आणि ते दर वेळी तितक्याच गंभीरपणे विचारायचे, "नि उनी तं?" आलीच तर? उंचापुरा, आखाड्यात घाम गाळलेला देह, भरघोस मिशा, आणि डोळ्यांत सदैव काहीतरी पडणार असल्याची काळजी. असा माणूस रिकाम्या फलाटावर लपून राहत नाही. मी स्कॅनरची पेटी पायाशी ठेवली, तिकाठी खांद्यावरून उतरवली आणि उगाचच पुलाकडे बघत राहिले. मग फोन वाजला. दगडूभाऊंच्या पत्नीचा, म्हणजे वहिनींचा, भाऊ बोलत होता. "ताई, तुम्ही तिथंच थांबा… नाही, थांबू नका, रिक्षा करून सोनगीरला घरीच या. भाऊ गेले." मला आणायला निघताना ते ओट्यावर बूट घालायला बसले होते, ते उठलेच नाहीत. खोटं कशाला सांगू, मला आधी दुःख झालं नाही. आधी भीती वाटली. त्या दिवशी आम्ही दोघं धुळ्याला एका भिंतीकडे जाणार होतो, आणि आता त्या भिंतीपाशी मी एकटी होते.

आम्ही काय काम करायचो ते सांगायला हवं, नाहीतर ही भिंत कुठून आली ते कळणार नाही. भाऊ तंत्रनिकेतनात वर्षानुवर्षं इमारतींचं गणित शिकवून निवृत्त झालेले इंजिनिअर, मी जळगावची आर्किटेक्ट. जुन्या इमारतींची लेझरने मोजणी करायची आणि त्या मोजणीवरून संगणकात तीच इमारत पुन्हा उभी करायची, हा आमचा धंदा. स्कॅनर तिकाठीवर गरगर फिरतो आणि समोरच्या प्रत्येक दगडावर, चिरेवर, खुंटीवर किरण टाकून लाखो ठिपके गोळा करतो. त्या ठिपक्यांच्या ढगातून मी जळगावला बसून भिंत, कमान, तुळई, पायरी असं एकेक वेगळं काढते. ते नुसतं चित्र नसतं. संगणकात त्या भिंतीवर बोट ठेवलं की तिची जाडी, तिचा दगड, तिचा चुना, ती कधी दुरुस्त झाली, हे सगळे रकाने उघडतात. पुढे दुरुस्तीचे नकाशे त्यावरूनच निघतात. म्हणजे मॉडेलमध्ये जे ठीक दिसतं, त्याला कुणी हात लावत नाही. हे वाक्य भाऊ मला इतक्या वेळा ऐकवायचे की मी वैतागून कानांवर हात ठेवायचे.

त्यांच्या नावातच भीती होती. आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईने ह्याचं नाव दगडू ठेवलं. आमच्या खानदेशात गावोगाव असे दगडू, धोंडू, उखा सापडतात. नाव इतकं टाकाऊ ठेवायचं की मरणाने ढुंकून बघू नये. "मन्ही माय माले पान्याजवळ जाऊ देये नही, झाडवर चढू देये नही," ते सांगायचे. त्या माउलीने मुलाला जगवलं आणि आपली सगळी धास्ती त्याच्या अंगात भरून ठेवली. मी म्हणायचे, भाऊ, नाव दगडू आणि दगडाला घाबरता. त्यावर ते हसायचे, पण हसताना नजर वर छताकडेच. कचेरीत, वर्गात, साहेबांसमोर ते स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत. घाबरले की मात्र अहिराणीवर येत. त्यामुळे एखादी इमारत किती वाईट अवस्थेत आहे हे मला त्यांच्या बोलीवरूनच कळायचं.

कामाची त्यांची एक रीत होती, ती मी दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाही. कुठल्याही इमारतीत पाऊल टाकण्याआधी, पेटी उघडण्याआधी, सगळ्यांनी दारात उभं राहायचं आणि आपल्याला ह्या इमारतीत कशाची भीती वाटते ते मोठ्याने सांगायचं. मी, ते, गाडीचा ड्रायव्हर, चावी घेऊन आलेला शिपाई, सगळ्यांनी. "कशाचीच नाही" हे उत्तर चालायचं नाही. यावलकडे केळीच्या बागांमध्ये एक जुनं विश्रामगृह मोजायला आम्ही पहिल्यांदा एकत्र गेलो, तेव्हा मी तोऱ्यात म्हटलं, मला नाही बाई भीती वाटत. त्यांनी मला सरळ गाडीत नेऊन बसवलं. "तुले कसाना भ्याव वाटस ते ध्यानमां उनं की मंग ये." मी तिथे घामाघूम होत बसले आणि शेवटी रागाने ओरडले, "वटवाघळांची!" त्यांनी ते मन लावून ऐकलं, दारातून मान आत घालून वटवाघळं कुठून ये-जा करतात ते पाहिलं, आणि नेमक्या त्या जागी छपराखालची तुळई कुजून तिचा भुगा झालेला निघाला. परतताना गाडीत ते मला म्हणाले, भ्यायलेला माणूस वर बघतो गं, न भ्यायलेला नुसता चालत राहतो. मी खिडकीबाहेर केळी बघत बसले.

त्यानंतर त्यांनी मॉडेलमध्ये एक रकाना वाढवायला लावला. जाडी, साहित्य, अवस्था आणि मग 'भीती'. कुणाला कशाची वाटली, ते त्या त्या भिंतीच्या, कमानीच्या नावावर लिहायचं. ज्या कचेऱ्यांना आम्ही मॉडेल द्यायचो, तिथून शेरा यायचा की हा रकाना काढून टाकावा, ही तांत्रिक बाब नाही. भाऊ नम्रपणे "बरं साहेब" म्हणायचे आणि काढायचे नाहीत. चार माणसांत आमचं हसं व्हायचं. मलाही कधीकधी लाज वाटायची… शहाण्यासुरत्या इंजिनिअरने सरकारी कागदात 'ड्रायव्हरला जिन्याची भीती वाटली' असं लिहावं?

मग धुळ्याची ही इमारत आली. इंग्रजांच्या काळातली काळ्या दगडाची कचेरी, एक लांबलचक दालन, दक्षिणेला व्हरांडा, उत्तरेला अंगणाकडे पाठ केलेली जाडजूड भिंत. आता तिथे स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे. साक्री, शिरपूर, शिंदखेड्याच्या खेड्यांतली, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरची मुलंमुली सकाळी पाण्याची बाटली आणि डबा घेऊन येतात आणि दिवेलागणीपर्यंत मान खाली घालून वाचत बसतात. घरी ना टेबल, ना शांतता. बोलायचं नाही, आणि फोन बंद करून दारातल्या ट्रेमध्ये ठेवायचा, असा तिथला नियम. आम्ही गेलो तेव्हा वैशाख तापला होता. दारात उभं राहून आम्ही भीती सांगितली. मला छताच्या तुळयांची, ड्रायव्हरला जिन्याची, शिपायाला व्हरांड्याच्या खांबांची, भाऊंना ह्या सगळ्याची. उत्तरेच्या भिंतीची मात्र कुणालाच वाटली नाही. नुकताच गिलावा झालेला, वर फिकट निळा रंग, कुठे तडा नाही. भाऊंनी तर जाऊन तिच्यावर तळवा टेकवला आणि खुशीत म्हणाले, "ही मात्र आपली आहे." मी रकान्यात लिहिलं, 'भीती: नाही.' आमच्या साऱ्या कामात तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा लिहिला.

आता चूक सांगते. ती कुणा नवशिक्याच्या हातून झालीच नसती, ती फक्त आमच्यासारख्यांच्याच हातून होणार. इमारत हलते आहे का हे बघायचं तर पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा मोजायचं आणि दोन्ही मोजण्या एकमेकींवर ठेवायच्या. त्या नीट बसाव्यात म्हणून काळ्यापांढऱ्या चौकटींच्या खुणा भिंतीवर कायमच्या चिकटवतात. त्या खुणा दोन्ही वेळा एकाच जागी आहेत असं संगणक गृहीत धरतो आणि बाकीचं जग त्यांच्या भोवती जुळवतो. भाऊंचा नियम असा, की जिथे भीती तिथे खूण लावायची नाही. व्हरांड्यावर भरवसा नव्हता, दक्षिणेचा गिलावा हात लावला की पापुद्र्यासारखा सुटायचा. म्हणून सगळ्या खुणा लावल्या उत्तरेच्या त्या गुणी, निळ्या भिंतीवर.

दसऱ्यानंतर आम्ही पुन्हा मोजलं. मी जळगावला दोन्ही ढग एकमेकांवर ठेवले. व्हरांडा आणि दक्षिणेची बाजू सरकलेली दिसत होती. भाऊंना फोन केला तर ते पहिल्या शब्दापासून अहिराणीत. आम्ही धावत जाऊन अभ्यासिकेच्या सचिवांना भेटलो, मॉडेल दाखवलं, हातापाया पडलो. साहेब भले होते, त्यांनी ऐकलं. दक्षिणेच्या खिडक्यांजवळची सगळी टेबलं उचलून उत्तरेच्या भिंतीला लावली. मुलांनाही बरं वाटलं, तिकडे पंख्याचा वारा चांगला लागायचा. शिरपूरकडच्या एका पाड्यावरची ज्योती नावाची मुलगी होती, वनरक्षकाच्या परीक्षेची तयारी करणारी. तिने भिंतीला पाठ टेकून बसायची जागा पटकावली आणि मला म्हणाली, "मॅडम, तुमच्यामुळे चांगली जागा मिळाली." तिने माझा नंबर घेतला, मी तिचा घेतला. ते वाक्य मी आजही विसरलेले नाही.

थंडी पडल्यावरची एक दुपार. मी गॅसवर भरताची वांगी भाजत होते. भाऊंचा फोन आला. म्हणाले, "बैन, जुनी फाइल उघड. अंगणमधला हापसा देख." अंगण आम्ही मॉडेलमध्ये ठेवत नाही. झाडं, सायकली, हापसा, झेंड्याचा खांब हे सगळं नेहमीप्रमाणे कापून टाकलेलं असतं, फाइल हलकी व्हावी म्हणून. भाऊंनी मुळातला न कापलेला ढग काढून पाहिला होता. मी उघडला. हापसा सरकला होता. झेंड्याचा खांब सरकला होता. पलीकडच्या शाळेचं जोतंसुद्धा सरकलं होतं, सगळं सारखंच, एकाच दिशेला. "बठ्ठं धुळं सरकनं का बैन?" भाऊंचा आवाज चिरकला होता. "नि ही एकच भित जागावर?"

मला कळायला क्षणभर लागला. धुळं जागेवर होतं. व्हरांडा जागेवर होता. हलली होती ती ज्या भिंतीवर आम्ही खुणा चिकटवल्या होत्या ती. तिला आम्ही स्थिर मानलं होतं, म्हणून संगणकाने बिचाऱ्या साऱ्या गावाला हलवून दाखवलं होतं. "पोरेस्ले आपण तिन्हाखाल बसाडं," भाऊ म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढचा तास मी कसा काढला ते मला सांगता येत नाही. भाऊ सोनगीरहून निघाले होते. मी जळगावला, हातात फोन. सचिवांना लावला, उचलला नाही. कचेरीचा लावला, नुसता वाजत राहिला. ज्योतीला लावला आणि मध्येच आठवलं, तिचा फोन दारातल्या ट्रेमध्ये बंद पडून असणार आणि ती भिंतीला पाठ टेकून. वांगी जळून कोळसा झाली, घरभर धूर झाला, तरी मी गॅस बंद केला नाही. भिंत महिनोन् महिने उभी आहे, ती ह्याच तासात कशी पडेल, असं मी स्वतःला समजावत होते. पण भीतीला गणित येत नाही. माझ्या कानांत सारखा दगड कोसळल्याचा आवाज होत होता.

भाऊ पोचल्यावर काय झालं ते मला नंतर ज्योतीने सांगितलं. ते दारात आले, गाडी चालवूनच धापा टाकत होते. आत चिडीचूप. पंख्यांची घरघर आणि पानं उलटल्याचा आवाज, बाकी काही नाही. दुसरा कुणी असता तर "बाहेर पळा" म्हणून ओरडला असता. भाऊ ओरडले नाहीत. त्यांना भीती वाटली की आपल्या आवाजानेच ती भिंत खाली येईल, किंवा सगळी एकदम उठून पळाली तर त्या दणक्याने येईल. म्हणून तो एवढा मोठा माणूस चवड्यांवर चालत एकेका टेबलापाशी गेला, वाकला आणि प्रत्येकाच्या कानात कुजबुजला, "बेटा, उठ. हळूच भाईर चाल." कुणी विचारायला तोंड उघडलं की ओठांवर बोट. "आम्हाला वाटलं सरांना वेड लागलं," ज्योती म्हणाली. "पण त्यांचं तोंड बघितलं ना मॅडम, तर कोणी बसूच शकत नव्हतं. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी मला उठवलं." एकेक करत सगळी बाहेर आली. पुस्तकं, डबे, दप्तरं आतच राहिली. सगळ्यात शेवटी भाऊ बाहेर आले आणि हापशाजवळ मटकन खाली बसले.

भिंत पडली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्या महिन्यातही नाही. आणि तिथून भाऊंचे हाल सुरू झाले. अभ्यासिकेला कुलूप लागलं. मुलांची परीक्षा तोंडावर. काही जण झाडाखाली बसून वाचू लागले, काही गावी निघून गेले, काहींनी भाऊंनाच बोल लावले. सचिवांचाही तोल सुटला. "आधी म्हणता इकडे बसवा, मग म्हणता इथून उठवा. तुमचं मशीन खरं की तुमची भीती?" गावात 'भित्रा इंजिनिअर' हे नाव पडलं. भाऊंनी एकदाही स्वतःचा बचाव केला नाही. खुणा आपणच चुकीच्या ठिकाणी लावल्या, हे त्यांनी भर बैठकीत उभं राहून सांगितलं. मॉडेलमध्ये उत्तरेच्या भिंतीचा रकाना उघडून 'नाही' हा शब्द त्यांनी स्वतः खोडला आणि लिहिलं, 'फार. दगडू.' मला एकदा फोनवर म्हणाले, "पडनी नही, हाई चांगलंच शे ना बैन? पन लोकेस्ना मनमां असं शे, की ती पडाले पाहिजे व्हती. मी खरा ठराले पाहिजे म्हनीसन." मग म्हणाले, "खोटाच ठरू दे माले."

शेवटी सचिवांनी एक तोड काढली. तिसऱ्यांदा मोजा, ह्या वेळी बाहेरच्या खुणांवरून. भिंत थांबली असेल तर कुलूप काढतो, मुलं पुन्हा बसतील. त्या मोजणीसाठीच मी नरडाण्याला उतरले होते.

सोनगीरच्या घरी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. ओट्यावर एक बूट सरळ ठेवलेला आणि एक आडवा. वहिनी मला बघून रडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "सकायपाईन म्हनी ऱ्हायंता, बैन एकली उभी ऱ्हाई तठे." म्हणजे त्या माणसाची शेवटची धास्तीही मी फलाटावर एकटी उभी राहीन, हीच होती. मला भाऊंच्या अंगाकडे बघवेना. इतका निर्धास्त चेहरा मी त्यांचा कधी पाहिलाच नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली.

दिवसकार्य झाल्यावर सचिवांचा फोन आला. आवाज मऊ होता, पण मुद्दा तोच होता. मुलं रोज विचारतात, परीक्षा जवळ आली, मोजणार आहात की कुलूप काढू? मी गेले. दाराशी ज्योती आणि आणखी काही जण दप्तरं घेऊन उभे होते, आजच आत बसायला मिळेल ह्या आशेने. मला वाटलं, पेटी इथेच टाकावी आणि पळून जावं. दार उघडलं. आत गारवा आणि चुन्याचा वास. निळी भिंत तशीच गुळगुळीत, तशीच गुणी. कडेला, रंगाच्या खाली, फरशीवर पिठासारखी पांढरी भुकटी सांडलेली होती. ती ताजी की जुनी ते कळेना. तिकाठी मांडताना स्क्रू बसेना. स्कॅनरचं बटण दाबलं आणि मी अंगणात पळाले… मोठ्या माणसासारखी चालत नाही, पोरीसारखी पळाले, मुलांच्या देखत. यंत्राला एकट्याला आत फिरत ठेवून हापशाला धरून उभी राहिले. पाच-सहा जागांवरून मोजायचं होतं. प्रत्येक वेळी आत जायचं, तिकाठी हलवायची, बटण दाबायचं, पळायचं. प्रत्येक वेळी वाटायचं, ह्या खेपेला.

हापसा, खांब, शाळेचं जोतं ह्यांवरून मी अंगणातच लॅपटॉपवर जुळवणी केली. ह्या वेळी धुळं जागचं हललं नाही. भिंत हलली होती. वैशाखापासून दसऱ्यापर्यंत जेवढी, त्याहून जास्त ती दसऱ्यानंतरच्या ह्या थोड्या दिवसांत, आणि मधोमध बाहेर फुगली होती. भिंतीने पोट काढलं, असं आपल्याकडे म्हणतात तसं. वरच्या पन्हाळीचं पाणी कितीतरी पावसाळे तिच्या दोन थरांच्या मध्ये जिरत असणार, आणि वरून आम्हाला दिसत होता तो फक्त नवा गिलावा. भाऊ खरे ठरले होते, आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही.

सचिवांची केबिन त्याच दालनाच्या टोकाला, त्याच भिंतीच्या आडोशाला आहे; तिला बाहेरून वेगळं दार आहे, म्हणून अभ्यासिकेला कुलूप असतानाही ते तिथेच बसत. मी दारातूनच लॅपटॉप पुढे केला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "पडेल का हो, मॅडम?"

"सांगता येत नाही."

"कधी?"

"तेही सांगता येत नाही."

"मग वर काय कळवू मी? कारण काय लिहू?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "लिहा की मला भीती वाटते." असं वाक्य मी जन्मात कुठल्या साहेबासमोर उच्चारलं नव्हतं. मला वाटलं, आता हसतील. साहेब हसले नाहीत. त्यांनी मागे वळून भिंतीकडे पाहिलं. मग टेबलावरचा जेवणाचा डबा उचलला, खुंटीवरचा स्वेटर काढला आणि माझ्या पुढून अंगणात निघून गेले. त्यांची खुर्ची अजून आतच आहे.

मुलांना शेजारच्या शाळेच्या व्हरांड्यात बसायची सोय साहेबांनीच त्या दिवशी करून दिली. ज्योतीने विचारलं, "मॅडम, आमची परीक्षा?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते माझ्यामुळेच होतं. तिने दप्तर उचललं आणि शाळेकडे गेली. दालनाला बाहेरून मी कडी घातली, दोरी बांधली. मग सवयीने मी भाऊंचा नंबर लावला. मोजणी संपली की त्यांना लावायचा, हे बोटांना पाठ होतं. दोन वेळा वाजल्यावर भानावर आले आणि तोडणार, तेवढ्यात वहिनींनी उचलला.

"बैन?"

मी म्हटलं, "वहिनी, भिंत हलली आहे. भाऊ बरोबर होते."

त्या कधी आमच्या कामात पडल्या नव्हत्या. मॉडेल म्हणजे काय हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. भाऊ बरोबर होते, ह्या वाक्यापाशी त्या थांबल्याच नाहीत. पटकन विचारलं, "पन पोरे भाईर शेतस ना?"

"हो वहिनी. सगळी बाहेर आहेत."

"मंग ठीक शे," त्या म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्यांचं रडणं ऐकू आलं.

फोन ठेवला आणि तरीही मी खिडकीपाशी गेले, गजांतून आत पाहिलं. कुणी नव्हतं. रिकामी टेबलं, साहेबांची खुर्ची, फरशीवरची ती भुकटी. आणि उत्तरेच्या बाजूचा एक पंखा चालू राहिला होता, ज्योतीच्या जागेवरचा. मोजताना उजेडासाठी मी दिवे लावले, तेव्हा चुकून त्याचंही बटण दाबलं गेलं असावं. बटण त्या भिंतीवरच आहे. कडी काढून आत जायला चार पावलं पुरली असती. मी दोरीच्या गाठीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिले… मग हात काढला. मीटरपासून वीज तोडायला वायरमनला सांगून ठेवलं आहे, तो अजून आलेला नाही. मी हे लिहिते आहे तेव्हाही तो पंखा त्या रिकाम्या दालनात फिरत असेल. फिरू दे. मी आत जाणार नाही.